मास्टर सिलिंडर नवा, तरी पेडल मऊच

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्याकडे १६ वर्षांची जुनी डिझेल एसयूव्ही आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. तीन महिन्यांपासून ब्रेकचं पेडल मऊ लागतंय. पहिल्यांदा दाबलं की अर्ध्याच्या खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं आणि गाडी नीट थांबते. मेकॅनिकने आधी ब्रेक ऑइल बदललं, मग मास्टर सिलिंडर नवा टाकला, दोनदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. फरक शून्य. ऑइल कुठे गळत नाही, डबीतली पातळीही उतरत नाही. आता तो म्हणतो, बूस्टर बदलू. बदलावा का? मुलांना शाळेत सोडायला गाडी रोज लागते.

उत्तर : बूस्टर बदलू नका.

बूस्टरचं काम तुमच्या पायाला जोड देणं. डिझेल गाडीत व्हॅक्यूम पंप हवा खेचून घेतो आणि त्या व्हॅक्यूमच्या बळावर बूस्टर पायाचा जोर काही पटींनी वाढवून मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे नळ्यांत ऑइल ढकलणाऱ्या मुख्य पंपाकडे, पाठवतो. तो बिघडला की जोड जाते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे. मऊ पेडलसाठी बूस्टर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मनातली शंका घालवायची असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. मग पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित सरकलं तर बूस्टर ठणठणीत आहे.

पुढचं बोलण्याआधी एक विनंती. दोष सापडेपर्यंत मुलांना या गाडीतून नेऊ नका. "दुसऱ्यांदा दाबलं की थांबते" हे तुम्ही सहज लिहून गेलात, मला मात्र ते वाक्य दोनदा वाचावं लागलं. समोर अचानक कुणी आडवं आलं की पाय एकदाच पडतो. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत गाडी आपली चार-पाच मीटर पुढे गेलेली असते.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट, तीही याच वाक्यात आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल वर येतं, याचा अर्थ चाकांजवळच्या पिस्टनांना ब्रेक लावायला जेवढं ऑइल लागतंय, तेवढं मास्टर सिलिंडर एका दाबात देऊ शकत नाही. दुसऱ्या दाबाला डबीतून थोडं जास्तीचं ऑइल पुढे जातं आणि भरपाई होते. म्हणजे पहिल्या दाबातलं ऑइल कुठेतरी वाया जातंय. कुठे, ते शोधायचं.

एक छोटा हिशोब करू. मास्टर सिलिंडरचा आतला व्यास १ इंच धरला, म्हणजे २५.४ मिलिमीटर, तर त्याचं क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटरच्या थोडंसं वर येतं. म्हणून १ सीसी ऑइल पुढे ढकलायला आतला पिस्टन २ मिलिमीटर सरकावा लागतो. पेडल ही तरफ आहे. ती पायाचा जोर साधारण ४ ते ६ पट वाढवते आणि तेवढ्याच पटीने पायाला जास्त अंतर चालायला लावते. ५ पट धरा. २ मिलिमीटरचे झाले १० मिलिमीटर. म्हणजे १ सीसी वाया गेलं की पेडल १ सेंटिमीटर जास्त खाली. गाडीगणिक आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण हे प्रमाण मनात पक्कं ठेवा. छोट्या चमच्यात मावते तेवढी, ५ सीसी हवा नळ्यांत राहिली तर पेडल ५ सेंटिमीटर खाली जातं! ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. जोरात ब्रेक मारला की नळ्यांत वातावरणाच्या ५० पट दाब सहज उठतो आणि ती हवा आकसून पन्नासाव्या हिश्शाएवढी उरते. तुमच्या पायाचा सगळा प्रवास तिला दाबण्यात खर्च होतो.

पण हवा हा एकच चोर नाही, आणि इथेच तुमच्या मेकॅनिकची वाट चुकली असं मला वाटतं. मागच्या ड्रममध्ये लायनर (ब्रेक लावताना ड्रमला घासणारा थर) आणि ड्रम यांच्यात अंतर वाढलं तरी हेच होतं. मागचा व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रममध्ये लायनर ढकलणारा छोटा सिलिंडर, २२ मिलिमीटरचा धरा. त्याच्या दोन्ही पिस्टनांना नेहमीपेक्षा १ मिलिमीटर जास्त बाहेर यावं लागलं, तर एका चाकाला पाऊण सीसी आणि दोन्ही चाकांना मिळून दीड सीसी ऑइल जास्त लागतं. पेडल दीड सेंटिमीटर खाली गेलं, आणि नळ्यांत हवेचा एक बुडबुडाही नाही. अशा गाडीची हवा दोनदा काढा नाहीतर वीसदा, पेडल तिथेच राहणार.

मग हवा की अंतर, हे ओळखायचं कसं? ते पायच सांगतो. मी बाबांच्या हाताखाली शिकले. ब्रेकची गाडी आली की ते मला पाना हातात घेऊ देत नसत. आधी सीटवर बस, डोळे मीट आणि पेडल दाब, म्हणत. पहिला दाब कुठवर गेला ते बघायचं. मग भराभर दोन-तीनदा दाबून वर आलेल्या पेडलवर पाय रोवून धरायचा. वर आलेलं पेडल भिंतीसारखं घट्ट लागलं तर अंतर वाढलंय. वर येऊनही ते फुगा दाबल्यासारखं लवलवत राहिलं तर हवा आहे किंवा रबरी होज फुगतोय. आणि पाय रोवून धरल्यावर पेडल आपोआप हळूहळू खाली चाललं तर ऑइल कुठूनतरी निसटतंय. पुढे माझं स्वतःचं गॅरेज झालं, २४ वर्षं चालवलं, त्या सगळ्या काळात ब्रेकच्या कामाची सुरुवात मी याच तपासणीने केली. हे इंजिन बंद ठेवून करा, नाहीतर बूस्टरच्या जोरापुढे हा फरक नीट कळत नाही.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या दाबाला गाडी "नीट" थांबते. त्यावरून माझा कौल मागच्या ड्रमकडे आहे. एक चाचणी घरीच होईल. गाडी सपाट जागी उभी करा, चाकांच्या मागेपुढे लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक सोडून पेडल दाबा आणि किती खाली जातं ते ध्यानात ठेवा. मग हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा दाबा. पेडल आता पहिल्याच दाबात वर लागलं तर दोष मागे सापडला असं समजा, कारण हँडब्रेकने तेच लायनर ड्रमला टेकवून ठेवले आणि वाढलेलं अंतर मिटलं. (काही जुन्या एसयूव्हींचा हँडब्रेक चाकांवर नसून गाडीखालून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो, त्यांना ही चाचणी चालत नाही.)

अंतर वाढतं कशामुळे? ड्रममध्ये दात असलेलं एक छोटं चाक असतं, ॲडजस्टर. लायनर झिजतील तसा तो फिरून लायनर बाहेर सरकवतो. जुन्या गाडीत तो गंजून बसतो. किंवा कुणीतरी लायनर बदलताना डाव्या चाकाचा उजवीकडे लावतो. दोन्हीचे आटे उलट असतात, त्यामुळे अदलाबदल झाली की ॲडजस्टर अंतर कमी करायच्या ऐवजी वाढवत बसतो. तिसरी चूक सर्रास दिसते. हँडब्रेक वर येतो म्हणून केबल आवळली जाते. हँडब्रेक सुधारल्यासारखा वाटतो, पण केबलने आतली पट्टी कायम ओढलेली राहते आणि ॲडजस्टरला फिरायला जागाच उरत नाही. म्हणून क्रम असा ठेवायला सांगा : केबल पूर्ण सैल, मग ड्रम काढून ॲडजस्टर मोकळा आणि साफ, ड्रम चढवून लायनर ड्रमला घासेपर्यंत ॲडजस्टर फिरवायचा, मग चाक हाताने फिरवताना फक्त हलकी घासट ऐकू येईल इतका मागे घ्यायचा. दोन-चारदा पेडल दाबून लायनर मधोमध बसू द्यायचे, पुन्हा तपासायचं. केबल सगळ्यात शेवटी. ड्रमची झीज मापायला विसरू नका, जास्तीत जास्त किती व्यास चालतो तो आकडा बहुतेक ड्रमवरच कोरलेला असतो. आणि आतली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात गेलं तर परत निघत नाही. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसायचं.

हे सगळं करूनही पेडल लवलवलं, तरच हवेच्या मागे लागा. "दोनदा हवा काढली" म्हणजे कशी काढली हे मला विचारावंसं वाटतं. नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये आडवा पकडून, त्याच्या तोंडांना छोट्या नळ्या लावून त्या त्याच्याच डबीत सोडून, पिस्टन सावकाश ढकलत आतली हवा घालवावी लागते. तसं न करता कोरडाच बसवला तर त्याच्या पोटातली हवा चाकापर्यंतची लांब नळी पार करत नाही. पेडल सोडलं की ती पुन्हा मागे येते.

दुसरी लपायची जागा मागच्या ॲक्सलच्या वर असते. गाडीत किती भार आहे त्याप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह अनेक जुन्या एसयूव्हींत असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. गाडी बॉडीवरून जॅकने उचलली आणि मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवला, की या व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी आहे. मग तो मागे जाणारा दाब आवळून धरतो. अशा वेळी मागच्या निपलमधून (हवा काढायचा छोटा स्क्रू) ऑइल जेमतेम ठिबकतं आणि "हवा संपली" असं वाटतं. आधार ॲक्सलखाली द्यायचा. काही गाड्यांत या व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असतो, तो नजरेतून हमखास सुटतो.

तिसरी जागा मला एका गाडीने शिकवली. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, दुरुस्त करून आलेली एसयूव्ही होती. चार वेळा हवा काढली, लिटरभर ऑइल वाहून गेलं, पेडल फुग्यासारखंच. संध्याकाळी मी खाली बसून नुसती चाकाकडे बघत राहिले, तेव्हा दिसलं की निपल कॅलिपरच्या खालच्या बाजूला आहे. डावा आणि उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसले होते. हवा नेहमी वर चढते. निपल खाली असेल तर ऑइल येत राहतं आणि हवा वर आरामात बसून राहते. कॅलिपर आपापल्या जागी गेले आणि एका फेरीत पेडल घट्ट झालं. तेव्हापासून हवा काढायच्या आधी चारही निपल कुठे आहेत ते मी डोळ्यांनी बघते.

काढायची पद्धत तुमच्या मेकॅनिकला ठाऊक असेलच, तरी दोन गोष्टी सांगते. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ येत जायचं, गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तो पाळायचा. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. आत बसलेल्याने पेडल सावकाश दाबून धरायचं आणि "धरलं" म्हणायचं. खालच्याने निपल सैल करून ऑइल येऊ द्यायचं, निपल बंद करायचा, मग "सोड" म्हणायचं. हा क्रम उलटा झाला की जेवढी हवा गेली तेवढीच परत आत येते. भराभर पंप करायची सवय मोडायला हवी, त्याने एक मोठा बुडबुडा फुटून शंभर बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत. डबीवर सतत लक्ष. ती एकदा जरी रिकामी झाली तरी सगळं पहिल्यापासून.

राहिल्या दोन शक्यता. इंजिन चालू ठेवून कुणालातरी पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही चाकाजवळचे रबरी होज बघा, हात लावून बघा. एखादा फुगताना जाणवला, किंवा वाकवल्यावर त्याला भेगा दिसल्या, तर सगळेच बदला. १६ वर्षं जुन्या रबराकडून अजून काय अपेक्षा करायची? दुसरी शक्यता पुढच्या चाकांची बेअरिंग. खडबडीत रस्त्यावरून आल्यावरच पहिला दाब खोल जात असेल आणि रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ठीक असेल, तर चाक जॅकवर घेऊन वर आणि खाली धरून हलवा. बेअरिंग सैल असली की चाकासोबत डिस्क डोलते आणि पॅडना मागे ढकलते. पुढच्या दाबाला ते अंतर पुन्हा भरावं लागतं.

मास्टर सिलिंडर बदलताना बूस्टरच्या दांडीची लांबी जुळवली का, तेही विचारा. ती आखूड राहिली तर प्रत्येक दाबाला सुरुवातीचा भाग पोकळ जातो. पण तो पोकळपणा दुसऱ्या-तिसऱ्या दाबालाही जात नाही, म्हणून तुमच्या गाडीत हे कारण मी शेवटी ठेवते.

प्रश्न : सिग्नलला ब्रेक दाबून उभा राहिलो की पेडल हळूहळू खाली उतरतं. पाय सोडून पुन्हा दाबला की वर. गाडी १२ वर्षांची, एबीएसवाली एसयूव्ही. ऑइलची गळती कुठेच दिसत नाही. एका मेकॅनिकचं म्हणणं आहे की चालू इंजिनवर पेडल थोडं खाली जाणारच, तसं असतंच.

उत्तर : इंजिन सुरू होताना पेडल एकदा किंचित सरकतं आणि तिथे थांबतं. ते बरोबर आहे. पायाचा जोर तेवढाच असताना ते उतरतच राहिलं, तर ते कुठल्याही गाडीत बरोबर नाही.

बहुतेक वेळा मास्टर सिलिंडरच्या आतली रबरी सील गेलेली असते. दाबाखालचं ऑइल सीलच्या कडेने मागे सरकतं आणि पुन्हा डबीकडे जातं, म्हणून पातळीही कमी होत नाही आणि बाहेर थेंबही दिसत नाही. एक गंमत अशी की हलक्या पायाने दाबलं तर पेडल जास्त उतरतं आणि जोरात दाबलं तर टिकतं, कारण जोराचा दाब सीलची कड पसरवून भिंतीला चिकटवतो. त्यामुळे गॅरेजमध्ये मेकॅनिक दणकून ब्रेक मारून बघतो आणि त्याला दोष सापडत नाही. त्याला सांगा, सिग्नलला ठेवता तसा हलका पाय ठेवून मिनिटभर थांब.

पातळी खरोखर उतरत असेल आणि तरी बाहेर ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे नट सोडून तो बूस्टरपासून थोडा पुढे ओढून बघायला सांगा. मागची सील गेली की ऑइल बूस्टरच्या पोटात उतरतं आणि बूस्टरचा पडदाही खराब करतं.

नुसतं सीलचं किट टाकावं की अख्खा सिलिंडर नवा घ्यावा, यावर माझं मत ठाम आहे. जुन्या गाडीला अख्खा नवा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, पिस्टन रोज जिथवर जातो तो भाग गुळगुळीत राहतो. त्याच्या पुढच्या भागात वर्षानुवर्षं पिस्टन गेलेलाच नसतो, तिथे गंजाचे बारीक खड्डे पडतात. नवी सील त्या खड्ड्यांवरून गेली की काही महिन्यांत कापली जाते. हवा काढताना जुन्या गाडीचं पेडल पार जमिनीला टेकवू नका, असं मी सांगते तेही याचसाठी. चांगली चाललेली सील त्या एका दिवशी खड्ड्यांवर फाटते. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला की झालं.

तुमच्या गाडीत एबीएस आहे म्हणून एवढं वाढवते. नवा सिलिंडर टाकूनही उतरणं थांबलं नाही, तर एबीएसच्या युनिटमधला एखादा व्हॉल्व्ह आतून पाझरत असू शकतो. आणि डबी कोरडी पडून हवा त्या युनिटमध्ये शिरली तर ती साध्या पद्धतीने सहसा निघत नाही. स्कॅनर लावून युनिटचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवत हवा काढावी लागते. हे येणारं गॅरेज शोधून तिथेच काम द्या.

प्रश्न : लांब घाट उतरून आलो आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल एकदम पोकळ झालं. हँडब्रेक आणि पहिल्या गिअरने कशीबशी थांबवली. तासाभराने ब्रेक पूर्ववत! दुसऱ्या दिवशी दाखवली तर "काही दोष नाही" म्हणाले. खरंच काही नाही का?

उत्तर : आहे. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं होतं. तुम्ही सुखरूप आहात हे वाचून हायसं वाटलं.

आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, अगदी झाकण बंद असलं तरी रबरी होजमधूनसुद्धा. पाणी मिसळलं की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्या अवस्थेत त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. "पाणी शोषलेलं" म्हणजे किती, तर सुमारे ३.७ टक्के. एवढंसं पाणी, आणि ६५ ते ७५ अंशांचा फरक! उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की पॅडची उष्णता कॅलिपरच्या पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोचते. ते उकळलं की वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणालाच काही सापडत नाही.

सगळं ऑइल बदला, चारही निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत. डबीतलं तेवढं उपसून नवं भरणं पुरेसं नाही, कारण उकळलेलं ऑइल कॅलिपरमध्ये बसलेलं आहे. पुढे दर २ वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. फोडलेली बाटली वर्षभर फडताळात ठेवून तीच वापरू नका. आणि चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघा. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकल्या असतील तर एखादं पॅड डिस्कला कायम घासत राहतं, मग उतार नसतानाही ते चाक तापतं.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता तोच गिअर ठेवा. ब्रेक वळणाआधी ठामपणे मारून पूर्ण सोडा, पाय नुसता टेकवून ठेवू नका. पुन्हा कधी पेडल पोकळ झालं तर भराभर पंप करा, गिअर खाली घ्या आणि थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. ती वाकते किंवा तडकते.

प्रश्न : धाकट्या भावाने ब्रेक ऑइलच्या डबीत चुकून पॉवर स्टिअरिंगचं ऑइल टाकलं. साधारण अर्धी वाटी. गाडी अजून चालवलेली नाही. वरचं काढून टाकलं तर चालेल?

उत्तर : भावाला रागावू नका, त्याने लगेच सांगितलं म्हणून गाडी वाचू शकते. इंजिन सुरू करू नका आणि पेडलला पायही लावू नका.

ब्रेकमधली रबरं ब्रेक ऑइलमध्ये टिकतील अशी बनवलेली असतात. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल हे खनिज तेल, ते लागलं की ही रबरं फुगतात, मऊ पडतात. फुगलेली सील पिस्टन मागे येऊ देत नाही आणि ब्रेक चिकटून बसतात, नंतर ती फाटते. पेडल एकदाही दाबलं गेलं नसेल तर गाडी न हलवता मेकॅनिकला घरी बोलवा. डबी उपसून, काढून, धुऊन कोरडी करू दे. मग मास्टर सिलिंडरमधलं थोडं ऑइल काढून पेल्यातल्या पाण्यात टाका आणि ढवळा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, खनिज तेलाचा तवंग वर तरंगतो. तवंग अजिबात दिसला नाही तर नवं ऑइल भरून, सगळ्या नळ्या धुऊन निघतील इतकं वाहू द्या. तवंग दिसला, किंवा डबीच्या झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल, तर ते तेल पुढे पोचलेलं आहे. मग मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपरची सगळी रबरं, होज, आणि एबीएस असेल तर त्याचं युनिटसुद्धा, सगळं बदलावं लागेल. खर्च मोठा आहे, मला कल्पना आहे. यात निम्मं बदलून निम्मं ठेवायचा सल्ला मी देणार नाही.

आणि डबीतली पातळी मुळात का उतरली होती तेही बघून घ्या. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागे ऑइल जातं आणि डबीतलं कमी होतं. तेव्हा ऑइल भरण्याआधी पॅडची जाडी मोजायची.